चाचपडणारी झडप

४ सप्टेंबर १९९६, बुधवार

इलोइलो शहराच्या बसने आज आलं ते — जाडं मीठ अर्धं पोतं, नव्वद पेसो. रॉकेल एक डबा, एकशे पाच. मोठ्या मेणबत्त्या दोन पुडे, अठ्ठेचाळीस. (मे महिन्यात चव्वेचाळीसला होत्या. मेणात आता सोनं घालतात काय?) आणि तेर्योचं यंत्र, नग एक. त्याचं बसभाडं पस्तीस पेसो, ते आम्हीच भरलं.

यंत्राची किंमत विचारली तर तेर्यो म्हणाला, कॉलेजचं आहे, मानांग, आपल्याला फुकट. फुकट! फुकटच्या वस्तू घरात आल्या की त्यांच्यामागे काय काय येतं हे मी एकवीस वर्षं संसार करून जाणते.

तेर्यो म्हणजे प्रिमोचा धाकटा भाऊ. इलोइलोला तंत्र-कॉलेजात शिकवतो. मला मानांग म्हणतो, थोरलीचा मान देतो, आणि ऐकत काडीचं नाही. आल्या आल्या वाळवणीच्या शेडमध्ये घुसला. मागच्या तुसाच्या भट्टीला हवेची जी झडप आहे, तिचा लोखंडी दांडा त्याने काढून टाकला. माझ्या सासऱ्यांच्या हातचा दांडा. त्यावर खडूने खूण होती — इथवर उघडायची, पुढे नाही. गावाचं भात त्या एका खुणेवर वाळत आलं. आता तिथे बिस्किटाच्या डब्याएवढी पेटी आणि एक बारकी मोटर बसली आहे. मोटरला बारीक हात आहे. तो झडप धरतो.

प्रिमो हात मागे बांधून बघत उभा. धाकट्या भावापुढे याची जीभ टाळ्याला चिकटते.

५ सप्टेंबर

यंत्र सुरू झालं. काय करतं? झडप जराशी उघडतं. मग जराशी मिटतं. परत जराशी उघडतं. परत मिटतं. दिवसभर हेच! पलीकडची सोफ्रोनिया रस्सा करते तसं — चाखते, मीठ टाकते, चाखते, पाणी ओतते, आणि पानं वाढायची वेळ टळून जाते.

तेर्योला विचारलं, याला माहीत नाही का कुठे थांबायचं. तो म्हणाला, नाही माहीत, तेच तर याचं कसब! मला हसू आलं. ज्याला काही माहीत नाही त्याचं कसब म्हणे.

मग त्याने समजावलं. रेडिओवर स्टेशन लावताना तू बटण जरा इकडे, जरा तिकडे फिरवतेस ना. जिकडे आवाज चांगला येईल तिकडे सरकतेस. यंत्र तसंच करतं. झडप जरा उघडून बघतं, हवा जास्त तापली तर आणखी उघडी ठेवतं. कमी तापली तर मिटत नेतं. भट्टीचं गणित त्याला कोणी शिकवायला लागत नाही.

मी म्हणाले, "स्टेशन लागलं की मी बटणावरचा हात काढते. हे काढत नाही."

"कारण स्टेशन सरकत असतं, मानांग. तूस आज ओलं, उद्या कोरडं. वारा आज समुद्रावरून, उद्या डोंगरावरून. खडूची खूण जागची हलत नाही, भट्टी हलते."

सासऱ्यांच्या खुणेवर बोलला म्हणून जेवताना मी त्याला सुका मासा एकच वाढला. तरी बडबड चालूच — म्हणे हीच युक्ती पवनचक्कीला लावतात, उन्हावर वीज करणाऱ्या पत्र्यांना लावतात, साखर कारखान्याच्या बॉयलरला लावतात, मोटारीच्या इंजिनाला लावतात. म्हणजे सगळ्या जगात यंत्रं चाचपडत बसली आहेत आणि शिकलेली माणसं त्यांचं कौतुक करतायत.

संध्याकाळच्या बसने गेला. बरं झालं.

९ सप्टेंबर

अजून चाचपडतंय.

१८ सप्टेंबर

लिहायचं म्हणून लिहिते. तूस कमी लागतंय. मी स्वतः ढीग बघितला, उस्तिंगला विचारलं, परत बघितला. मानोंग उस्तिंग आमचा भट्टीवाला, वयाने सगळ्यांत थोरला, सासऱ्यांच्या वेळेपासूनचा. तो म्हणाला, धूरही कमी आहे. त्याला कमी धुराचं काय एवढं, डोळे तर आधीच अधू झालेत.

आमचं स्वतःचं बियाण्याचं भात आज वाळून उतरलं. चावून बघितलं — कट्कन तुटतं. कोठीत ठेवून वर आशीर्वादाचं पाणी शिंपडलं. पुढच्या पेरणीची काळजी मिटली. श्रेय यंत्राचं की पाण्याचं हे मरिया माउलीला ठाऊक. मला विचारलंत तर पाण्याचं.

२९ सप्टेंबर, रविवार

सल्वाची चिठ्ठी बोटीवरच्या माणसाबरोबर आली. धाकटी बहीण माझी, बेटावर असते. नवरा गेल्यापासून एकटी शेत करते. वादळाने तिचं उभं पीक झोपवलं. पाण्यातून उपसून जे कापलं तेवढंच तिचं बियाणं, खायचं वेगळं काही नाही. बेटावर वाळवायची सोय नाही, ऊन नाही. बुधवारी पोती इकडे पाठवते आहे. लिहिते — "ताई, हे वाळलं नाही तर नोव्हेंबरात मला पेरायला काही नाही. तुझ्यावर सोपवते." नोव्हेंबरात पेरलं नाही तर पुढचं वर्षभर ती काय खाणार, तेही लिहायचं होतं तिला. जागा संपली कागदाची. का ओळखून थांबली?

प्रिमोला सांगितलं, तिची पोती पहिल्या पाळीला घ्यायची. तो हो म्हणाला. तो सगळ्यांनाच हो म्हणतो.

१ ऑक्टोबर, मंगळवार

रोझरीचा, जपमाळेचा महिना लागला. माउलीची मूर्ती देवळातून शेडमध्ये आणली. दर ऑक्टोबरात आणतात — सासूबाईंनी सुरू केलेलं. कापणीच्या दिवसांत बायकांना भट्टी सोडून देवळात जाता येत नाही, म्हणून माउलीच इकडे येते. सकाळी एक जपमाळ, दुपारी एक, संध्याकाळी एक, आणि मधल्या वेळी ज्याची त्याची. थोडक्यात, दिवसभर.

उस्तिंग महिनाभर रोझरीवर तूस टाकतो. दहा 'नमो मरिये' संपल्या, म्हणजे एक दशक झालं, सगळ्यांनी 'पित्याला गौरव असो' म्हटलं, की एक घमेलं आत. घड्याळ लागत नाही, भांडण लागत नाही. सासूबाई म्हणायच्या, हे घमेलं प्रार्थनेतलंच आहे. मला पटतं. या गावात नेमाने चालणारी ही एकच गोष्ट.

२ ऑक्टोबर

सल्वाची सहा पोती आली. हात घातला तर आत कोमट. तापायला लागलंय. लगेच भट्टीच्या गरम हवेच्या ओट्यावर पसरलं.

३ ऑक्टोबर

आज दुपारच्या रोझरीला झडप उघडली.

म्हणजे रोजच्यासारखी जराशी नव्हे. एकेका गौरवाला थोडी थोडी, आणि शेवटच्या दशकापर्यंत सताड! जपमाळ संपली, बायका पाणी प्यायला उठल्या, तशी हळूहळू मिटत आली. संध्याकाळच्या जपमाळेला परत सताड.

आमच्या गावच्या मानांग लिब्रिंगने पहिल्यांदा बघितलं. बघणारच. तिला घरातला गळका माठ दिसत नाही, पण दुसऱ्याच्या भट्टीचं झाकण दिसतं. गुडघ्यावर कोसळली आणि छाती बडवत म्हणाली, "माउली आत आली! दार उघडून आली!"

म्हटलं, लिब्रिंग, तिकडे आत जाळ आहे. माउलीला यायचं असेल तर पुढचं दार उघडंच असतं, तिथे कुत्रीसुद्धा येतात. पण माझं कोण ऐकतं.

५ ऑक्टोबर, शनिवार

शेजारच्या तीन गावांच्या बायका. लेकरं कडेवर, पायाला चिखल, हातात फुलांच्या माळा. माळा मूर्तीला घालाव्यात ना? नाही! भट्टीला घातल्या. सुकून कोळसा झाल्या.

सगळ्या भट्टीकडे तोंड करून बसतात. माउलीची मूर्ती उलट्या भिंतीला आहे. म्हणजे माउलीकडे पाठ आणि झडपेकडे तोंड! मी दोनदा सांगितलं. एक ओळखीची ना पाळखीची बाई मला म्हणते, "सरका हो बाई, दिसत नाही."

पाद्री गाउदियोसो येऊन गेले. त्यांना विचारलं, हे काय चाललंय. ते म्हणाले, चर्च अशा बाबतीत घाई करत नसतं. घाई नाही, पण दानपेटी मात्र तासाभरात आली. सायकलवर.

मेणाचे ठिबके जमिनीवरून खरवडून डब्यात भरले. चमत्काराचं काय ते पुढे बघू, मेण खरं आहे.

भात अजून ओलं. झडप सताड उघडी राहिली की थंड हवा भसाभस आत जाते आणि जाळ बसतो. प्रिमो म्हणाला, रोझरी दोन दिवस घरी म्हणा, नाहीतर तेर्योला तार करतो. मी म्हणाले, तार कशाला, सण झाला की बुधवारी येतोच आहे. येऊ दे. आपल्या डोळ्यांनी बघू दे, त्याच्या कसबी यंत्राला एक महिना धीर निघाला नाही ते.

झडपेचा दांडा नाही, वायर उपटली तर ती जिथे आहे तिथेच अडकते. त्यामुळे हाताने करण्यासारखं काही नाही. असं मी प्रिमोला म्हणाले.

७ ऑक्टोबर, सोमवार. रोझरीच्या माउलीचा सण.

गर्दी. गाणी. लिब्रिंगने भट्टीजवळचं तूस पुड्या बांधून वाटलं — ताप उतरतो म्हणे. जाळायचं तूस लोक उशाखाली नेतायत!

सल्वाचं भात फावड्याने उलटंपालटं केलं. वरचा थर सुका. खालचा हाताला चिकटतो. वास येतो. गोड-आंबूस.

वास आला तेव्हा मी उठून रोझरी थांबवायला हवी होती. शेडमध्ये दोनशे माणसं होती. उद्याचा एकच दिवस, परवा तेर्यो येतोय.

९ ऑक्टोबर, बुधवार

तेर्यो आला. मी दारात उभी राहून त्याला आत जाऊ दिलं. बघ म्हटलं मनात.

त्याने भात हातात घेतलं, वास घेतला, आणि त्याचा चेहरा उतरला. मग मागच्या बाकावर बसून अख्खी जपमाळ ऐकली, घड्याळाकडे बघत. मला वाटलं, लाजून बसलाय. संपल्यावर माझ्याकडे आला. म्हणाला, उस्तिंग तूस कधी टाकतो? मी सांगितलं — गौरवाला. सगळं गाव जाणतं. तो म्हणाला, मला कोणी सांगितलं नाही. मी म्हणाले, तू कधी विचारलंस?

मग त्याने सांगितलं ते असं. यंत्र जेवढ्या वेळात झडप एकदा उघडून एकदा मिटतं, तेवढाच वेळ आमच्या एका दशकाला लागतो. दोघांचा ठोका जुळला. यंत्र झडप उघडतं, त्याच वेळी 'गौरव असो' होतं आणि उस्तिंगचं घमेलं आत पडतं. नवं तूस पेटतं, हवा तापते. यंत्राला वाटतं — मी उघडली म्हणून तापली! मग ते आणखी उघडतं. परत गौरव, परत घमेलं. असं करत सताड.

म्हणजे काम उस्तिंगचं आणि फुशारकी त्याची. असली माणसं मी बघितली आहेत, यंत्र पहिल्यांदा बघते आहे.

लिब्रिंग भडकली. म्हणाली, इंजिनियर लोकांना देव दिसत नाही. तेर्यो शांत होता. त्याने विचारलं, एकदा करून बघू का. आधी बायकांनी रोझरी म्हटली, पण उस्तिंगला त्याने सांगितलं, गौरवाकडे लक्ष देऊ नकोस, मनाला येईल तेव्हा टाक. दोन दशकं झाली, तीन झाली. झडप हलली जराशी, मागे आली, जराशी हलली. बायका गातायत जीव तोडून, झडप आपली जागेवर.

मग तो म्हणाला, आता कोणी काही म्हणू नका. स्वतः बोट वर करून उस्तिंगला खुणावत राहिला, रोझरीच्याच ठोक्याने. शेडमध्ये एक शब्द नाही. आणि झडप उघडत गेली. सताड.

कोणीतरी मागे रडायला लागलं. लिब्रिंग म्हणाली, "सैतानाने नक्कल केली." ती बाई बुडत्या बोटीतसुद्धा समुद्राची चूक काढील.

मला वाटलं होतं, तेर्यो आता मान वर करून फिरेल. तो माझ्याजवळ येऊन हळू म्हणाला, "चूक माझी आहे, मानांग. ठोका ठरवताना मी भट्टी बघितली, माणसं बघितली नाहीत."

मग विचारलं, "पण तुम्ही मला कळवलं का नाही? आठवडाभर बियाणं ओलं होतं."

मी म्हणाले, कॉफी थंड होतेय.

त्याने पेटीतला एक स्क्रू फिरवला. ठोका बदलला. आता म्हणे रोझरी चालू ठेवली तरी हरकत नाही.

१० ऑक्टोबर

हरकत त्याला नसेल, मला आहे. माउलीची मूर्ती आज देवळात परत नेली. प्रिमोने मागचं टोक धरलं. वाटेत बायका उभ्या होत्या. एकीने विचारलं, "देवाला घरातून काढणारी बाई कधी पाहिली होती का गं?" दुसरी म्हणाली, शिकलेल्या माणसाची भावजय ना, लागायचाच वारा.

मी वळून सांगितलं, "ज्यांना माउली पाहिजे त्यांनी देवळात या. ज्यांना झडप पाहिजे त्यांनी आपापल्या चुलीपुढे बसा."

संध्याकाळच्या रोझरीला देवळात अकराजणी. सोमवारी शेडमध्ये दोनशे माणसं होती. पाद्रींनी दानपेटी नेली, तीही अंधार पडल्यावर. दुपारी न्यायला लाज वाटली असावी. तेवढी तरी वाटली.

११ ऑक्टोबर

सल्वाचं भात वाळलं. चावून बघितलं, कट्कन तुटतं. दिसायला आमच्यासारखंच.

१२ ऑक्टोबर

तरी फडक्यात घातलं. डावीकडे सल्वाचं, उजवीकडे आमचं. दोन्ही फडकी ओली करून घरातल्या माउलीच्या कोनाड्याखाली ठेवली. प्रिमोने विचारलं, हे कशाला. म्हटलं, आपलं बघायला.

१४ ऑक्टोबर

आमच्याला पांढरी टोकं फुटली. तिच्याला नाही. तिचं वादळातलं भात, वेळ लागत असेल.

१६ ऑक्टोबर, बुधवार

आमचं — फडकं उचललं तर मोडांनी मोड धरलेले, सोडवता येईनात. तेर्योच्या यंत्राने सप्टेंबरात वाळवलेलं.

सल्वाचं — इथे-तिथे एखादं. बाकीचं बुळबुळीत. दाबलं की पांढरं पाणी येतं. वास तोच, सात तारखेचा.

लिब्रिंग मूर्ख. पाद्री मिंधे. प्रिमो मुका. तेर्यो अर्धवट शहाणा. हे सगळं मी या वहीत लिहिलंय आणि त्यातला एक शब्द खोडणार नाही. पण यातल्या कोणालाही सल्वाने बियाणं सोपवलं नव्हतं.

दुपारी तेर्योचा निरोप आला की बियाण्याची उगवण कशी आहे ते कळवा, वाईट असेल तर मी कुठून तरी बघतो. कुठून बघणार? वादळानंतर अख्ख्या किनाऱ्यावर बियाणं नाही. निरोप आणणाऱ्याला म्हटलं, चांगली आहे म्हणून सांग.

जेवले नाही. उपास म्हटलं.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार

सल्वाची पोती ओतून रिकामी केली. ते भात डुकरांना. पोती धुतली, भट्टीपुढे वाळवली, तिच्या नावाची बाजू बाहेर ठेवून कोठीतलं आमचं बियाणं त्यांत भरलं. सहाच्या सहा. प्रिमो दारात येऊन उभा राहिला. म्हटलं, आपण या हंगामाला मूग टाकू, जमिनीला बरा असतो. त्याने काही विचारलं नाही. सुतळी आणि दाभण घेऊन आला आणि पोत्यांची तोंडं शिवायला बसला. हा माणूस गप्प बसतो ते मला इतकी वर्षं खटकत आलं.

बोटीबरोबर चिठ्ठी दिली, तिची नक्कल —

सल्वा, तुझी सहा पोती पाठवली आहेत. नीट वाळली. मी स्वतः फडक्यात घालून बघितलं, दाणा न् दाणा उगवतो. बोटीवर पाण्यापासून सांभाळायला सांगितलं आहे. पावसाची पहिली उघडीप बघून पेर. तुझंच आहे, कसर करू नकोस. पोचल्याचं आणि उगवल्याचं उलट टपाली कळव.